ऱ्हाइनची क्रूझ: अर्धी पाण्यातून, अर्धी बसमधून

आधीच सांगते, जहाज चांगलं होतं. गादी चांगली, माणसं चांगली, जेवण तिसऱ्या दिवसापासून चांगलं. तरीही मी पाचपैकी अडीच स्टार देतेय आणि अडीच कापलेत ते का, हे सांगायला जरा मागे जावं लागेल.

आम्ही सांगलीचे. पावसाळ्यात आमच्याकडे सकाळी चहाच्या आधी "आयर्विनला किती?" असं विचारायची पद्धत आहे. आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा पूल. तिथे पाण्याची पातळी फुटांत मोजतात. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमचा फ्रीज स्वयंपाकघरातून तरंगत बैठकीच्या खोलीत आला होता. त्यातून आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं गेज, क्युसेक आणि विसर्ग. निवृत्तीनंतर माणसं बागकाम करतात, हे जगातल्या नद्यांच्या पातळ्या बघतात.

तर पाणी चढण्याचीच धास्ती घेऊन जगणारी आम्ही माणसं. नदीत पाणी नाही म्हणून आपली सहल अडेल, हे आमच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. यांच्या मात्र आलं. तेही निघायच्या तीन आठवडे आधी.

सहल होती ऱ्हाइन नदीवरची, ॲमस्टरडॅम ते बाझल, सात रात्री, १० ते १७ ऑगस्ट २०२२. कोविडमुळे दोनदा पुढे ढकललेली. आम्ही दोघं, माझी मोठी बहीण आणि तिचे यजमान. ताईच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली त्याचं निमित्त. माणशी सव्वादोन लाख, विमान आणि व्हिसा वेगळा. बुकिंग पुण्यातल्या एका ट्रॅव्हल एजंटाकडून. त्याचं आणि क्रूझ कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला भांडण वाढवायचं नाही आणि गेली दोन वर्षं मी ते पुरेसं केलेलं आहे.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात हे लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "काउब बघ." मला वाटलं कुठलं तरी हॉटेल असेल. काउब हे जर्मनीतलं एक छोटंसं गाव आहे. तिथे ऱ्हाइन अरुंद दरीतून जाते, तळाला खडक आहे आणि अख्ख्या मधल्या ऱ्हाइनमधली सगळ्यात उथळ जागा तीच. तिथल्या गेजवर, म्हणजे पातळी मोजायच्या पट्टीवर, जेवढं पाणी, तेवढाच माल दक्षिण जर्मनीत आणि स्वित्झर्लंडमध्ये पोचतो. म्हणजे त्यांचा आयर्विनच, फक्त उलटा. आमच्याकडे आकडा चढला की पोटात गोळा, त्यांच्याकडे उतरला की. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये तो २५ सेंटीमीटरवर गेला होता. हा तिथला नीचांक. त्या वर्षी लुडविग्सहाफेनच्या बीएएसएफ या प्रचंड रसायन कारखान्याला कच्चा माल पोचेना म्हणून उत्पादन कमी करावं लागलं होतं.

२५ सेंटीमीटर म्हणजे टीचभर पाणी, असं मी म्हटलं. त्यावर यांनी मला जे सुनावलं ते तुम्हालाही सांगते, कारण आकडे बघताना सगळे इथेच फसतात. गेजचा शून्य म्हणजे नदीचा तळ नव्हे. ती एक ठरवलेली खूण असते. काउबला जहाजांच्या वाटेत गेजवरच्या आकड्यापेक्षा साधारण एक मीटर दहा-बारा सेंटीमीटर जास्त पाणी असतं. म्हणजे गेजवर ४० दिसलं तर वाटेत दीड मीटर. आता आमच्यासारखं क्रूझ जहाज भरलेलं असताना पाण्याखाली दीड मीटरच्या आसपास बसतं. उथळ पाण्यात चालताना ते आणखी थोडं खाली दबतं. शिवाय तळाला चार बोटं मोकळी हवीतच, कारण खाली खडक. गणित पहिलीतल्या पोराला सुटेल असं. आणि काउबचा आकडा रोज उतरत होता. एरवी ऱ्हाइनला मे-जूनमध्ये आल्प्सचं बर्फ वितळून भरपूर पाणी येतं आणि ती आटते शरदात, सप्टेंबर-ऑक्टोबरकडे. त्या वर्षी बर्फ कमी, वर उन्हाळा कोरडा, म्हणून जी पाळी ऑक्टोबरात यायची ती ऑगस्टातच आली.

५ ऑगस्टला यांनी एजंटाला फोन लावला. स्पीकरवर होता, मी भाजी निवडत ऐकत होते. यांनी काउब सांगितलं, सेंटीमीटर सांगितले. पलीकडून उत्तर आलं, "सर, रिव्हर क्रूझ आहे. रिव्हरमध्ये वॉटर असतंच." हे वाक्य आमच्या घरात आता म्हणीसारखं वापरलं जातं. नळाला पाणी आलं नाही की कुणीतरी म्हणतंच.

गेलो.

समुद्रावरच्या क्रूझचे फोटो बघून जी कल्पना असते तसं हे जहाज नसतं. तरणतलाव नाही, कॅसिनो नाही, हरवायला जागा नाही. लांबी १३५ मीटर आणि रुंदी जेमतेम साडेअकरा, म्हणजे पट्टीसारखं. कारण ज्या लॉकमधून, म्हणजे पाणी भरून जहाज वर-खाली करणाऱ्या पेटीतून, जायचं ते १२ मीटर रुंद. सगळ्या कंपन्यांची जहाजं म्हणून एकाच मापाची दिसतात. पुलाखालून जाताना वरच्या डेकचे कठडे आडवे पाडतात, कॅप्टनची खोलीसुद्धा खाली सरकते, आणि डेकवर खुर्ची टाकून बसलेल्यांना उठवतात. हे सगळं बघायला मजा येते.

आम्ही पैसे वाचवायला सगळ्यात खालच्या डेकची केबिन घेतली होती. खिडकी उंचावर, उघडत नाही, आणि पाणी तिच्या जरा खाली. चालत्या जहाजात बरं वाटतं. धक्क्याला लागलं की समोर दगडी भिंत. नदी उतरलेली असल्यामुळे ती भिंत नेहमीपेक्षा जास्तच उंच. शेवाळ्याची हिरवी रेघ माझ्या खिडकीच्या पुष्कळ वर होती. यांनी तिच्याकडे बोट दाखवून म्हटलं, "एरवी पाणी तिथे असतं." सुट्टीवर असताना नवऱ्याने असं बोलू नये.

११ तारखेला नारळी पौर्णिमा होती. ताईने घरून आणलेल्या डब्यातला सुक्या खोबऱ्याचा तुकडा आणि चिमूटभर साखर पाण्यात सोडली. तेव्हा जहाज ॲमस्टरडॅम-ऱ्हाइन कालव्यातून चाललं होतं. हे म्हणाले, "कालव्याला नारळ वाहणारी तूच पहिली." ताई म्हणाली, पाणी ते पाणी. पुढे जे झालं ते बघता अख्खा नारळ न्यायला हवा होता, असं तिचं अजून मत आहे.

शाकाहारी लोकांनी हे वाचा. पहिले दोन दिवस आम्हाला उकडलेला ब्रोकोली, बटाटा आणि चीजचे बेचाळीस प्रकार मिळाले. मग बारमध्ये काम करणारा एक गोंयकार मुलगा भेटला. ताईचं बालपण सावंतवाडीला आजोळी गेलेलं, ती त्याच्याशी मोडक्यातोडक्या कोकणीत बोलायला लागली आणि पोरगं वितळलंच. त्याने आत जाऊन आचाऱ्याला काय सांगितलं कोण जाणे, तिसऱ्या दिवशी दुपारी आमच्या टेबलावर मसुराची आमटी आली, जिऱ्याची फोडणी दिलेली, आणि भात. कढीपत्ता नव्हता. भाऊजींनी तीन वाट्या घेतल्या. उद्या पोळ्यांचं बघतो म्हणाला.

तो उद्या आलाच नाही.

कोलोनला पोचलो १२ तारखेला. वाटेत जर्मनीच्या हद्दीत शिरल्यापासूनच यांचा चेहरा बदलला होता. मालवाहू बार्ज समोरून येत होत्या त्या पाण्याबाहेर इतक्या उंच उचललेल्या की त्यांची पोटं दिसत होती, एरवी जे कधी दिसत नाही ते. निम्म्याहून कमी माल भरून चालवत होते. काठाला पांढरी वाळू, आणि नदीचा प्रवाह मध्ये ढकलायला काटकोनात बांधलेले दगडी बांध टोकापर्यंत उघडे. लोक त्यावर सतरंज्या टाकून बसले होते, मुलं चेंडू खेळत होती. दृश्य सुंदरच होतं. आमचे हे मात्र नातेवाइकाला दवाखान्यात बघायला आल्यासारखे उभे होते.

कोलोनला धक्क्याला जागा नव्हती. पुढे जाता न येणारी जहाजं तिथेच थांबलेली, म्हणून एकाला एक खेटून तीन-तीन बांधलेली. आमचं तिसरं. उतरायचं तर दुसऱ्या दोन जहाजांच्या लॉबीतून "एक्स्क्यूज मी" करत, त्यांच्या पाहुण्यांच्या कॉफीच्या वासातून. आणि शेवटी काठावर चढणारी शिडी. ती टोकाला तरंगत्या धक्क्यावर टेकलेली असते. धक्का पाण्याबरोबर खाली गेलेला, काठ जिथल्या तिथे, त्यामुळे चढ असा की ताईच्या गुडघ्याने तिथेच हात टेकले. दोन खलाशी पुढे, भाऊजी मागे. कॅथीड्रल तिने जहाजाच्या छतावरूनच बघितलं. गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांना हे कुठलंही माहितीपत्रक सांगत नाही: नदीचं पाणी उतरलं की शिडी उभी होते.

संध्याकाळी जेवणाआधी क्रूझ मॅनेजरने सगळ्यांना बसवलं. काउबचा आकडा चाळिशीला आला होता. जहाज पुढे जाणार नाही. उद्या सकाळी सात वाजता बॅगा भरून दाराबाहेर ठेवा. बसने माइंत्सला जायचं, तिथे आपल्याच कंपनीचं दुसरं जहाज उभं आहे. ते बाझलहून खाली आलंय, त्यातले पाहुणे बसने इकडे येतील आणि आपल्या खोल्यांत राहतील. आपण त्यांच्या. याला ते लोक 'शिप स्वॅप' म्हणतात. म्हणजे अदलाबदलीचं लग्नच, दोन्हीकडची मंडळी एकाच मुहूर्तावर घर बदलणार.

भाऊजी म्हणाले, "पैसे पाण्यात गेले म्हणावं, तर पाणीच नाही."

इथपर्यंत माझी तक्रार नाही. खरंच नाही. पाऊस कंपनीच्या हातात नाही. जहाज खडकावर घालण्यापेक्षा बस बरी. माझं डोकं फिरलं ते नंतर, जेवताना. शेजारच्या टेबलावर मँचेस्टरचं एक निवृत्त जोडपं होतं. ती बाई अगदी शांतपणे सूप पीत होती. मी विचारलं, तुम्हाला धक्का नाही बसला? ती म्हणाली, आम्हाला ६ तारखेला मेल आला होता ना. काउबची अडचण आहे, अदलाबदल करावी लागेल, चालणार असेल तर या, नसेल तर पुढच्या वर्षीची तारीख घ्या, जादा पैसे नाहीत. आम्ही म्हटलं येतो. तिने फोनवर मेल दाखवलासुद्धा. तेच जहाज, तीच तारीख. आम्हाला विचारलं असतं तर ताईच्या गुडघ्याकडे बघून आम्ही शंभर टक्के पुढच्या मे महिन्याची तारीख घेतली असती.

तोच मेल आमच्या एजंटालाही गेला होता. पुढे सप्टेंबरात, माझ्या चौथ्या पत्रानंतर, त्याने कबूल केलं की तो "स्पॅममध्ये गेला". यांचा ५ तारखेचा फोन मात्र स्पॅममध्ये गेला नव्हता. तो याने कानांनी ऐकला होता.

बसचा दिवस. कोलोनहून कोब्लेंझ. तिथे मोझेल नदी ऱ्हाइनला मिळते त्या टोकावर घोड्यावरच्या सम्राटाचा अवाढव्य पुतळा आहे. आम्हाला हरिपूरची आठवण झाली, वारणा-कृष्णेचा संगम, फक्त तिथे आपल्याकडे देऊळ आणि चिंचांची झाडं. मग पुढे नदीच्या डाव्या काठाने रस्ता. बिंगेन ते कोब्लेंझ ही साधारण ६५ किलोमीटरची दरी, २००२ पासून जागतिक वारसा. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे उतार आणि दर वळणाला एक किल्ला. लोक ऱ्हाइनची क्रूझ घेतात ती या एका दुपारसाठी. जहाजाच्या छतावर पांघरूण घेऊन बसायचं, हातात पेला, आणि किल्ले दोन्हीकडून आपल्याजवळ येणार. आम्ही ते बसच्या खिडकीतून बघितलं, तेही उजव्या बाजूला बसलेल्यांनी नाहीच. त्यांना डोंगर आणि रेल्वेलाइन. लोरेलायचा प्रसिद्ध कडा आला तेव्हा माझ्यासमोर एका उंच डच गृहस्थाची पाठ होती.

काउबच्या समोर बस दहा मिनिटं थांबली. ड्रायव्हरला विनंती यांनी केली होती, खाणाखुणांनी. पलीकडच्या काठावर गाव, आणि नदीच्या मधोमध एक पांढरा किल्ला, जहाजासारखा टोकदार. चौदाव्या शतकात तो बांधला येणाऱ्या-जाणाऱ्या बोटींकडून कर वसूल करायला. नदीतला जकात नाका. एरवी त्याच्या पायथ्याला पाणी असतं, तेव्हा मोठा खडकाळ पट्टा उघडा पडला होता आणि किल्ला पाण्यात नाही, गोट्यांच्या ढिगावर बसल्यासारखा दिसत होता. हे खाली उतरून पाण्यापर्यंत गेले. मी वरून बघत होते. वाकले, पाण्यात हात घातला, एक चपटा दगड उचलला, पुसला, खिशात टाकला. वर आल्यावर म्हणाले, इथे गाळ असता तर उपसला असता, खडक आहे, फोडावा लागतो. या पट्ट्यात १.९० मीटरची वाट २.१० करायचा प्रकल्प जर्मन सरकारच्या यादीत वर्षानुवर्षं आहे. वीस सेंटीमीटरसाठी! बसमध्ये बसल्यावरही ते त्यावरच बोलत होते आणि खरं सांगू, अख्ख्या सहलीत ते इतके खूश मला दुसऱ्या कुठल्या दिवशी दिसले नाहीत.

माइंत्सचं दुसरं जहाज म्हणजे पहिल्याची झेरॉक्स. तोच गालिचा, जिन्यात तेच ट्युलिपचं चित्र, केबिनचा नंबरही तोच. अदलाबदल मात्र त्यांनी झकास केली, इथे पूर्ण गुण. बॅगा आमच्या आधी खोलीत होत्या, चादरी नव्या, एकही नग हरवला नाही. टेबलाच्या खणात कुणाची तरी चष्म्याची डबी आणि बाझलचं एक कोरं पोस्टकार्ड राहिलं होतं, ते रिसेप्शनवर दिलं. तेव्हाच ताईच्या लक्षात आलं की आपलं भडंगाचं मोठं पाकीट पहिल्या जहाजावर कपाटात राहिलं. सांगलीहून नेलेलं, जादा लसूण.

आणि माणसं सगळी नवी. गोंयकार मुलगा कोलोनला, आमटी शिकलेला आचारी कोलोनला. इथे पुन्हा ब्रोकोलीपासून सुरुवात. अदलाबदलीत हे कुणी मोजत नाही. तीन दिवसांत तुमच्या सवयी ओळखलेली माणसं जातात, आणि तुम्ही परत "नो मीट, नो फिश, येस, नो चिकन ऑल्सो" वर येता.

पुढचा भाग भराभर सांगते. स्ट्रासबुर्गला १५ ऑगस्टला पोचलो. भाऊजींनी कोटाला छोटा तिरंगा लावला होता. फ्रान्समध्ये त्या दिवशी धार्मिक सुट्टी असते, दुकानं बंद, त्यामुळे ताईची खरेदी वाचली, असं भाऊजी म्हणतात. त्याच्या अलीकडे इफेत्सहाइमला पहिलं लॉक लागलं. तिथून बाझलपर्यंत अशी दहा. जहाज पेटीत शिरतं, दार बंद होतं, खालून पाणी भरतं आणि माझ्या खिडकीसमोरची ओली भिंत हळूहळू खाली सरकत जाते, मग एकदम आकाश. रात्री दोन वाजताही मी उठून बघितलं.

आणि त्या लॉकच्या वर नदी तुडुंब! तीच ऱ्हाइन, त्याच आठवड्यात. विश्वास बसेना. कारण इफेत्सहाइमच्या वर बंधारे आहेत, पाणी अडवलेलं आहे, पातळी माणसाच्या हातात. त्याच्या खाली थेट समुद्रापर्यंत एकही अडसर नाही, नदी मोकळी, आणि मोकळी नदी कोरड्या वर्षी कोरडीच पडणार. क्रूझ निवडताना हा एक प्रश्न विचारा, मला हे सव्वादोन लाखांना कळलं: मार्गातला कुठला पट्टा बिनबंधाऱ्याचा? मोझेल आणि माइन या नद्या बंधाऱ्यांनी पायऱ्या-पायऱ्यांनी अडवलेल्या, तिथे पाणी आटायची भीती फार कमी. पोर्तुगालची दोरू नदीही तशीच, पाच धरणांची. डॅन्यूब मधलीअधली: जर्मनीत श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन हा साधारण सत्तर किलोमीटरचा तुकडा मोकळा आहे आणि दर कोरड्या वर्षी तिथे हेच नाटक होतं. एल्बे तर विचारूच नका. तिच्या पात्रात दुष्काळाच्या वर्षी उघडे पडणारे 'भुकेचे दगड' आहेत. एकावर जुन्या जर्मनमध्ये कोरलंय, मी दिसलो तर रड. अशा नदीवर मी आगाऊ पैसे भरणार नाही.

ऱ्हाइनच करायची असेल तर मे-जून. शरदातली द्राक्षं आणि वाइनचे मेळे फोटोत छान दिसतात म्हणून ते दर जास्त असतात, पण तोच आटण्याचा काळ. मार्च-एप्रिलमध्ये उलटी अडचण येऊ शकते, पाणी इतकं चढतं की जहाज पुलाखालून जात नाही. ते आम्हा सांगलीकरांना समजावून सांगायची गरज नाही.

कंपनीला विचारायचं तर हे विचारा की तुमची त्या मार्गावर दोन्ही दिशांनी जहाजं चालतात का. चालत असतील तर अदलाबदल होते. एकच जहाज असेल तर चार रात्री हॉटेल आणि दिवसभर बस. आमच्या करारात बारीक अक्षरांत होतंच: पाण्याच्या पातळीमुळे मार्ग बदलू शकतो, रस्त्याने नेऊ शकतो, परतावा नाही. मी सही केली होती. कुणी वाचतं का? आता मी वाचते. युरोपात पॅकेज सहलींसाठी २०१५ चा कायदा आहे, निघण्याआधी सहलीत मोठा बदल झाला तर ग्राहकाला दंड न भरता रद्द करता येतं. मँचेस्टरच्या बाईंना जो पर्याय मिळाला तसा आमच्या पुण्याच्या पावतीवर कुठेच नव्हता. प्रवास विम्यात चोरी, आजार, विमान चुकणं सगळं होतं, नदीची पातळी नव्हती. विमा कंपनीच्या मुलीने फोनवर मला दोनदा विचारलं, "मॅडम, पाणी जास्त झालं का कमी?" कमी म्हटल्यावर तिच्याकडे भरायला रकानाच नव्हता.

आणि औषधं, चष्मा, चार्जर हातातल्या पिशवीत ठेवा. बॅग सकाळी सातला दाराबाहेर जाते ती संध्याकाळीच दिसते. ताईच्या बीपीच्या गोळ्या बॅगेत होत्या.

नंतर २०२३ च्या जानेवारीत आपली गंगा विलास क्रूझ निघाली, वाराणसी ते दिब्रुगढ, ५१ दिवसांची. छपऱ्याजवळ उथळ पाण्यात अडकल्याच्या बातम्या आल्या, सरकारने त्या फेटाळल्या. काय खरं मला ठाऊक नाही, पण आमच्या घरात त्या दिवशी सगळ्यांनी एकसुरात म्हटलं, "रिव्हरमध्ये वॉटर असतंच."

हिशेब असा. क्रूझ कंपनीने शेवटी पुढच्या सहलीवर दहा टक्क्यांचं व्हाउचर दिलं, ते वापरायच्या आधीच मुदत संपली. त्या मार्चमध्ये ताईचा गुडघा बदलला. एजंटाने दिलगिरीचं पत्र दिलं, त्यात सांगलीचं स्पेलिंग चुकलेलं. जहाज आणि अदलाबदलीला मी चार देते, एजंटाला एक, सरासरी अडीच. यांचे साडेतीन, काउबसाठी. भाऊजी म्हणतात आमटीचे द्या आणि बाकीचे कापा.

ताई मात्र पाचच्या खाली यायला तयार नाही, आणि तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. १७ तारखेला बाझलच्या विमानतळावर बसलो होतो, हे मला एमेरिखचा आकडा दाखवत होते. डच सीमेजवळचं ते गेज आदल्याच दिवशी शून्यावर आलं होतं आणि नंतर उणेही गेलं. तेवढ्यात ताईच्या फोनवर त्या गोंयकार मुलाचा मेसेज आला. पहिल्या जहाजावरच्या खलाशांच्या जेवणाच्या टेबलाचा फोटो, मध्ये फाडलेलं पाकीट, भोवती सहा-सात हात. खाली लिहिलं होतं: "भडंग सोंपलें. उदक अजून ना."